रायफलमध्ये दोन चुली कशाला?

दहापूर्णांकनऊ:
कुस्तीत, धावण्यात, भालाफेकीत बायका-पुरुष वेगळे का, हे शेंबडं पोरही सांगेल. रायफल नेमबाजीत का, हे मला इतकी वर्षं रेंजवर जाऊनही कळलेलं नाही.

हांगझोऊच्या आशियाई खेळांचे आकडे घ्या (स्पर्धा 2022 ची, भरली 2023 मध्ये). 50 मीटर थ्री पोझिशनच्या महिलांच्या अंतिम फेरीत सिफ्त कौर सामराने 469.6 गुण मारले. विश्वविक्रम! फरीदकोटची ही मुलगी एमबीबीएस सोडून रायफलकडे आलेली. दुसरी आलेली चिनी मुलगी 462.3 वर, आपल्या आशी चौकसेला कांस्य. त्याच खेळांत पुरुषांचं सुवर्ण गेलं 460.7 ला आणि ऐश्वर्य तोमरला रौप्य मिळालं 459.7 वर. तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर पंधरा गोळ्या, पालथं पडून पंधरा, उभ्याने पंधरा. गोळ्या दोघांनाही पंचेचाळीसच, अंतरही तेच. म्हणजे बायकांचं रौप्यसुद्धा पुरुषांच्या सुवर्णापेक्षा वर!

बरं, हे एकदाच घडलं असंही नाही. पॅरिस ऑलिंपिकला याच प्रकारात महिलांचं सुवर्ण 464.4 (स्वित्झर्लंडची कियारा लिओने), पुरुषांचं 463.6.

पूर्वी हा प्रकार एकत्रच होता. 1976 ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम यांचे गुण बरोबरीत सुटले. शेवटच्या फैरी मोजून सुवर्ण बॅशमला दिलं, तर त्या गड्याने राष्ट्रगीताच्या वेळी तिला हात धरून वरच्या पायरीवर घेतलं. 1984 ला बायकांची चूल वेगळी मांडली. वेगळी मांडली ती मांडली, वर शिधाही कमी: 2017 पर्यंत 10 मीटर एअर रायफलला पुरुषांना 60 फैरी, बायकांना 40. आता सारख्या झाल्यात. मग भिंत तरी कशाला?

माझं म्हणणं साधं आहे. ऑलिंपिक असो की आशियाई, रायफलला एकच यादी, एकच सुवर्ण.

पेठकर_काका:
धागालेखकाने आकडे सोयीचे उचललेत. 50 मीटरला .22 ची गोळी वाऱ्याने सरकते. दोन अंतिम फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या. आजचा वारा आणि परवाचा वारा एकाच तागडीत कसा घालता? 469.6 ही सिफ्तची कमाल आहे, बायकांची सरासरी नव्हे.

दहापूर्णांकनऊ:
काका, वारा नको ना? मग बंदिस्त हॉलमध्ये या. 10 मीटर एअर रायफल, 60 फैरी. टोकियो ऑलिंपिकला पात्रता फेरीत महिलांमध्ये पहिली आली 632.9 ला, पुरुषांत पहिला 632.7 ला. पॅरिसला कोरियाच्या बान ह्योजिनने 634.5 करून ऑलिंपिक विक्रम केला. आणि आता हे वाचाच: पॅरिसला अर्जुन बबुता 630.1 वर सातवा येऊन अंतिम फेरीत गेला, आपलीच एलावेनिल वालारिवन 630.7 करून दहावी आली आणि बाहेर बसली. जास्त गुण करून घरी!

बॅरॅकमधला:
एनसीसीत पोरापोरींना शिकवलंय, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं रायफल दंडाच्या जोरावर धरतात. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते, पण उभ्याने मारताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि सगळं वजन सांगाड्यावरून खाली पायात उतरतं. दंड लागला की संपलं, टोक थरथरायला लागतं. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. तिथे हृदयाचा ठोकासुद्धा दिसतो. माझ्याकडे आलेल्या मुलींना ही पोझिशन पोरांपेक्षा लवकर सापडायची. पोरं आधी आठवडाभर ताकद दाखवतात.

अंजली भागवतही एनसीसीतूनच आली. 2002 ला म्युनिकच्या चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्समध्ये स्त्री-पुरुष एकत्र होते आणि ती पहिली आली. दहापूर्णांकनऊ, हे तुमच्या यादीत कसं नाही?

जॅकेटवालीची_आई:
मी नेमबाज नाही, नेमबाजाची आई आहे. शनिवार-रविवार बालेवाडीला बाकावर बसून असते. माझं मत धागालेखकाच्या साफ उलट.

गुण सारखे आहेत, मान्य. पण तुम्ही फक्त अंतिम फेरीतल्या आठ जणी बघताय. मी खालचं बघते. आमच्या आधीच्या क्लबात (नाव नको) सकाळच्या चांगल्या वेळेच्या लेन मुलांना, मुलींना दुपारच्या. लेक तेराची असताना तिला दुसऱ्या मुलाचं जुनं नेमबाजीचं जॅकेट दिलं. ते कॅनव्हासचं जॅकेट पाटासारखं ताठ असतं. खांद्यात मोठं, छातीशी आवळलेलं, बकल लावताना बोटं सोलायची. तरी जिल्ह्याला तिची निवड झाली. का? मुलींचा संघ वेगळा पाठवावाच लागतो म्हणून. एकच यादी असती तर ती वर्षं तिने सामान उचलण्यात घालवली असती.

पॅरिसचंच बघा. एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोन. 10 मीटरला आपले चार गेले: रमिता, एलावेनिल, अर्जुन, संदीप. तुमची एकच चूल झाली की त्यातले दोन घरी. कोण घरी बसेल, हे मला सांगायला नको.

करवीरकर:
ताईंना अनुमोदन. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल खेळांत थ्री पोझिशनमध्ये सुवर्ण घेतलं, 457.9. अंजुम मुदगिल 455.7 ला रौप्य. त्या दिवशी गावात जो जल्लोष झाला, तो वेगळी स्पर्धा होती म्हणूनच. पदकामागे नोकरी असते भावांनो. राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि ते प्रमाणपत्र बघून मिळतं, 'मुलांपेक्षा जास्त गुण होते' हे सांगून नाही.

दहापूर्णांकनऊ:
करवीरकर, तुमच्याच राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला कांस्य मिळालं, 451.4. त्याला घडवलं दीपाली देशपांडेंनी. शिकवायला बाई चालते, समोर उभी राहिलेली चालत नाही, असं का?

करवीरकर:
चालते की! पण शिकवणीच्या खोलीत आरक्षण लागत नाही, लेनवर लागतं. स्वप्नीलबद्दल बोलताना जरा जपून, इकडे अजून फटाके शिल्लक आहेत 😄

पेठकर_काका:
मिश्र सांघिक प्रकार आहेच की टोकियोपासून. एक मुलगा, एक मुलगी. झालं ना एकत्र?

दहापूर्णांकनऊ:
काका, मिश्र म्हणजे लग्नाची जोडी झाली. मी समोरासमोरच्या लढतीबद्दल बोलतोय.

ताई, तुमचं लेनचं आणि जॅकेटचं म्हणणं पटलं. रेंजवर हे मीही पाहिलंय आणि तेव्हा तोंड मिटून बसलोय. मग मधला मार्ग काढू. पात्रता फेरी वेगळीच ठेवा, देशाच्या जागाही दोन-दोन वेगळ्याच. फक्त अंतिम फेरी एकत्र. चार महिला, चार पुरुष, एकाच रांगेत उभे. कोण पहिला ते जगाला दिसू दे.

जॅकेटवालीची_आई:
पदकं मग तीनच ना? सहाची तीन? आणि चार-चार म्हणताय तर पॅरिसला रमिता पात्रता फेरीत कितवी आली ते आठवा. 631.5, पाचवी. अर्जुन सातवा. तुमच्या मधल्या मार्गाने दोघंही बाहेर. त्याआधी महिलांत भारताकडून रायफलच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत कोण होत्या? सिडनीला अंजली भागवत, अथेन्सला सुमा शिरूर. त्या दोघी पहिल्या चारात होत्या का, तेवढं शोधून सांगा.

दहापूर्णांकनऊ:
नव्हत्या.

बरं, सहा-सहा?

बॅरॅकमधला:
बारा जणांना एका ओळीत उभं करणारा फायनल हॉल आधी बांधा. मग लेन सकाळची कुणाला, ते ताई ठरवतील.