बायपास आणि धरण एकदमच आलं तर छोट्या गावाचं काय होतं?

प्रश्न: हायवे गावाबाहेरून वळवतायत, वरच्या अंगाला धरण होतंय. फक्त धंदा बसतो की अजून काही बदलतं?

उत्तर १: आधी पंक्चरवाला, लॉजवाला असे रस्त्यावर पोट असलेले उठतात. अमेरिकेत रूट ६६ या जुन्या हायवेवरची कित्येक गावं इंटरस्टेट (नवे मोठे महामार्ग) आल्यावर ओस पडली, १९८५ ला तो जुना रस्ता हायवेच्या यादीतूनच काढला.

उत्तर २: पण अवजड गाड्या गेल्या की अपघात कमी होतात, पोरं रस्ता ओलांडू शकतात हेही खरंय. धरणाचं दुखणं मोठं, दुकान हलवता येतं, नदीकाठची गाळाची जमीन कुठून आणणार? चीनच्या थ्री गॉर्जेस धरणापायी १० लाखांहून जास्त माणसं उठवली.

उत्तर ३: आणि बांधकाम चालू असताना मजूर येतात, भाडी वाढतात, काम संपलं की खोल्या रिकाम्या, त्यामुळे त्या तेजीवर कर्ज काढून बांधू नका हो. बायपासवरून गावात उतरायला फाटा कुठेय ते आराखडा फायनल व्हायच्या आधीच विचारा.