मदत हवी आहे: इन्फ्लिक्सिमॅबची रक्तातली पातळी नागपुरात कुठे तपासतात?

लहान भावाला (वय 27, वजन 58 किलो) अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. मेसालामाइन आणि स्टिरॉइडने भागलं नाही, म्हणून इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून सुरू केलं. 0, 2, 6 आठवडे आणि मग दर 8 आठवड्यांनी, असे पाच डोस झाले. प्रत्येक वेळी 100 मिलिग्रॅमच्या तीन व्हायल लागतात.

पहिले चार डोस झकास गेले. पाचव्यानंतर मात्र सहाव्याच आठवड्यात रक्त पडायला लागलं, दिवसातून सात-आठदा जावं लागतंय. डॉक्टरांना लगेच दाखवलं. शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडियम (जुलाब करणारा जंतू) निगेटिव्ह, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) 640, म्हणजे वाढलेलं. टीबी आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या सुरुवातीलाच झाल्यात, सोबत अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे.

डोस वाढवायचा, अंतर कमी करायचं की औषधच बदलायचं, हे रक्तातली औषधाची पातळी आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी द्यायचंय. डोस येत्या शुक्रवारी आहे, म्हणजे हुकलं तर पुन्हा थांबा! धंतोली-रामदासपेठेतल्या चार लॅबमध्ये विचारून झालं. दोघांना तपासणीचं नावच कळलं नाही, एक जण टीबीचीच समजला, चौथा "मुंबईला पाठवतो, पण खात्री नाही जी" म्हणाला.

कुरिअरने नमुना पाठवायला हरकत नाही, पण भावाला प्रवास झेपणार नाही. औषध कोणतं घ्यावं हा सल्ला नकोय, तो डॉक्टरांचा विषय.

गेल्या वर्षभरात नागपुरातून कुणी या दोन्ही तपासण्या केल्या आहेत का? नमुना कुठे दिला, किती पैसे लागले आणि रिपोर्ट किती दिवसांत हाती आला?