1 एचपीचा पंप खरोखर किती हेड (पाणी किती मीटर चढवायचा दाब) देतोय, हे कसं काढायचं?

पोफळवाला, सावई-वेरे
आमचं कुळागर (पोफळीची बाग) उतारावर. बाव (विहीर) खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी, टाकी वर काजूंच्या हद्दीत. पंपाच्या पाटीवर हेड 30 मीटर. बावीतल्या पाण्यापासून पंप 4 मीटर वर, तिथून टाकीचं तोंड आणखी 18 मीटर वर. गवंड्याच्या लेव्हल पाइपने टप्प्याटप्प्याने मोजलंय, अंदाजे नाही. पाइप सव्वा इंची, लांबी 120 मीटर. तरी वर 200 लिटरचं पिंप भरायला 3 मिनिटं 20 सेकंद लागतात. मेकॅनिक म्हणतो पंप थकला, 2 एचपीचा घ्या. वडील गेल्यापासून शिंपण मीच बघतो. पिवळ्या पडलेल्या पोफळी बघवत नाहीत. पण पैसे घालण्याआधी पंपाचा दाब मला स्वतः काढायचाय.

फिटर, फोंडा
डिलिव्हरीला (पंपातून पाणी बाहेर पडतं तिथे), व्हॉल्व्हच्या आधी प्रेशर गेज लावा. गेजवर 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे 10 मीटर पाणी. पंप चालू असताना रीडिंग गुणिले 10, त्यात सक्शनचे (बावीतून पंपापर्यंत ओढायचे) 4 मीटर मिळवा. ते गेजला दिसत नाहीत, म्हणून बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करून रीडिंग घ्या, त्याचाही असाच हिशेब करा, ते शट-ऑफ हेड, म्हणजे पाणी वाहत नसतानाचं. अर्ध्या मिनिटाच्या वर नको, आतलं पाणी तापतं. आणि हे फक्त सेंट्रिफ्युगल (फिरत्या पंख्याच्या) पंपाला. पिस्टन पंपाला कधीच करू नका, पाइप फुटेल.

पोफळवाला
चालू असताना 2.5, बंद केल्यावर 3.0.

फिटर, फोंडा
म्हणजे 29 आणि 34. पाटीवर 30, म्हणजे पंप ठणठणीत आहे! चढ 22 मीटरचा, मग 29 मधले उरलेले 7 गेले कुठे? तुमचं पाणी सेकंदाला 1 लिटर. आतून 32 मिमीच्या पाइपात 120 मीटरला हेझन-विल्यम्सच्या सूत्राने घर्षण येतं 6.3 मीटर. बाकीचं बेंड आणि फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप) खातात. तेवढ्याच पाण्याला 40 मिमीत 2.1 लागतील, 50 मिमीत एक मीटरही नाही. पाणी वाढलं की घर्षणही थोडं वाढणार, ते धरून दीड इंचीत पिंप पावणेतीन मिनिटांत भरेल, दोन इंचीत अडीच. 2 एचपी घेऊन याच पाइपात रेटलात तर वीज घर्षणातच जाईल.

वाळपईकर
मे महिन्यात बाव किती उतरते तेही बघा. आमची 3 मीटर उतरली तेव्हा सक्शन 7 च्या वर गेलं आणि पंप पाणी ओढेनासा झाला. काठाला पायरी खोदून पंपच खाली बसवावा लागला.

पोफळवाला
आमची दीड मीटर उतरते, म्हणजे निभेल. दोन इंची पाइप घातला. पिंप अडीच मिनिटांत! पण गेज 2.1 वर आलंय. काही बिघडलं का?

फिटर, फोंडा
नाही हो. 21 अधिक 4, म्हणजे 25. चढ तोच 22, घर्षण 7 वरून 3 वर आलं. लाइनला लागतं तेवढंच हेड पंप देतो, उरलेली ताकद जास्त पाणी द्यायला लागते. फक्त मोटरचा अँपिअर एकदा बघून घ्या. पाणी वाढलं की तोही वाढतो, पाटीवरच्या आकड्याच्या आत हवा.