कोलोरॅडो एल्क: बाळूची खुर्ची कुठपर्यंत जाईल?

प्रसाद:
मंडळी, कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीचे परवाने देणाऱ्या ड्रॉची, म्हणजे सोडतीची, मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपतेय आणि आमचं युनिट (शिकारीचा विभाग) अजून ठरत नाहीये. व्हीलचेअरवर असणारा आपला बाळू रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी मोटरची खुर्ची भाड्याने घेणार आहे. ती वाइल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या रानात) चालते का? तिथे गर्दी कमी, म्हणून मला तिकडेच जायचंय. डुकरांच्या शिकारीला गेलेली टोळी, आज-उद्यात बोला.

श्रीराम:
प्रसाद, नाही चालणार. १९६४ च्या कायद्याने वाइल्डरनेसमध्ये मोटर बंद. १९९० च्या अपंग कायद्याने व्हीलचेअरला सूट दिली, पण ती खुर्ची फक्त अपंग माणसासाठी बनवलेली हवी आणि इमारतीच्या आत वापरण्याजोगीही हवी. बाळूची रोजची बॅटरीवरची खुर्ची त्यात बसते, हा रणगाडा बसत नाही. भाड्याने देणारा काहीही सांगेल. आणि वायोमिंगकडे वळू नकोस. तिथे परराज्यातल्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये एल्क मारायचा तर लायसन्सवाला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो.

नितीन:
काका, खुर्चीआधी बंदुकीचं बघा. बाळू अजून एच-वन व्हिसावरच आहे ना? मग शिकारीचा चालू परवाना असल्याशिवाय त्याने बंदूक हातातही घ्यायची नाही, हा फेडरल कायदा आहे. टेक्सासमध्ये नेमाचा सराव करायचा तरी आधी परवाना काढा, वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांनी "काही होत नाही" म्हणून सांगू नये, तुमचं वेगळं आहे.

श्रीराम:
नितीन, मी असं कुठे म्हटलं? मी खुर्चीबद्दल लिहिलं.

अनघा:
मी रिहॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला थंडी कळत नाही, पाय गारठले तरी कळत नाहीत. नऊ-दहा हजार फुटांवर ऑक्टोबरात बर्फ असू शकतं. बसल्या जागी जखमा होतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने भार हलवायलाच हवा. हे सोबत्याने घड्याळ लावून पाहायचं. दोन दिवस आधी पोहोचा, उंचीची सवय होऊ द्या.

मेधाताई (भांडार):
कूलर मागितले आहेत असं कळलं. ते गणपतीच्या प्रसादाच्या जेवणाचे आहेत, त्यात मांस जाणार नाही. गेल्या पिकनिकनंतर हे ठरलं आहे, कृपया पुन्हा विचारू नये.

नितीन:
ताई, एका नराचं मांसच शंभर किलोच्या आसपास भरतं. तुमच्या दोन कूलरनी काय होणार? शिवाय सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगामुळे मेंदू आणि पाठीचा कणा घेऊन यायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. हाडं तिथेच काढा.

बाळू:
सगळे माझ्याबद्दल बोलताय, मीच लिहितो. मी सामान म्हणून येत नाहीये, नेम मीच धरणार आहे. वाइल्डरनेस सोडा. मोटर चालणारे रस्ते असलेलं नॅशनल फॉरेस्ट बघा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर-नकाशात नसलेल्या रस्त्यावर अपंगांनाही गाडीची सूट नाही. कोलोरॅडोत थांबलेल्या गाडीतून नेम धरायला परमिट मिळतं, त्याचा फॉर्म मी डॉक्टरकडे दिलाय. अनघाताई, घड्याळाचं प्रसादला मी शिकवीन. प्रसाद, एकच गोष्ट: गटाने अर्ज केला तर ड्रॉतले प्राधान्याचे पॉइंट सगळ्यात कमी असणाऱ्याचेच धरतात. तुझे आहेत, माझे शून्य. शून्य पॉइंटवर परवाना निघणारी युनिटं शोध आणि यादी शुक्रवारपर्यंत पाठव, नकाशे मी बघतो.