मदत हवी आहे : अचूक अंदाज बांधणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं?

मुलगी आठवीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट आलाय, घरातल्या जुन्या पिढीतल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत दोन पानं लिहायची. तिने माझे आजोबा निवडले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. देवगडकडचे. स्वतःची कलमं मोजकीच, पण पंचक्रोशीत कोणाची बाग खंडाने जायची असली की आधी अण्णांना बोलावणं यायचं. घेणाराही बोलवायचा आणि देणाराही.

मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलेय. प्रत्येक कलमाभोवती एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून फिरायचे. एखादीच फांदी काठीने दाखवून मला मोजायला लावायचे. मग बांधावर बसून पान जुळवायचं आणि पहिली पिंक टाकून झाल्यावर आकडा सांगायचा : "दीडशे पेट्या. वांदरांचा येगळा धरा." फळगळ, वारा, सगळं त्यात धरलेलं असायचं. कागद नाही, पेन नाही.

तर मी मुलीला सांगितलं, लिही, "ही वॉज अ गुड गेसर." ती म्हणाली, "आई, गेसर म्हणजे ज्याला उत्तर येत नाही तो! आम्ही एमसीक्यूला गेस मारतो तसं." मुद्दा बरोबर आहे. पण मग शब्द कोणता? डिक्शनरीत 'गेसर'चा अर्थ 'अंदाज करणारा' एवढाच दिलाय. मराठीत अदमास, अटकळ, आडाखा, होरा, ठोकताळा असे ढीगभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. इंग्रजीत काहीच नसेल असं कसं होईल? सोमवारी द्यायचंय.

प्रतिसाद १
एस्टिमेटर. विषय संपला.

धागाकर्ती
तो आमच्या सोसायटीच्या रंगकामाचं कोटेशन द्यायला आला होता. अण्णा नाहीत ते.

प्रतिसाद २
मुलगी बरोबर बोलतेय. 'गेसर' हा शब्द चुकीचा नाही, पण त्याला धंद्याची इज्जत नाही. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये तुमचं वजन किंवा वय ओळखून दाखवणारा माणूस असतो, तो गेसर. चुकला तर तुम्हाला बक्षीस. म्हणजे गंमत. आपल्याकडे तर 'गेस पेपर'ने त्या शब्दाची उरलीसुरली लाज घालवली. 'स्पेक्युलेटर' लिहू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ सटोडिया. आणि 'सेकंड-गेसर' कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. निकाल लागल्यावर 'मी असतो तर असं केलं असतं' म्हणणारा तो. तसे आपल्या प्रत्येक वाड्यात दोन असतात.

शब्द हवा असेल तर तो 'जज' आहे. कोर्टातला नव्हे. 'अ गुड जज ऑफ' आणि पुढे ती गोष्ट : घोडा, अंतर, माणूस, आंबा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, हे तिकीट काढून लिहून द्यायची स्पर्धा होती. गाल्टनने ७८७ तिकिटं तपासली. सगळे आकडे ओळीने लावून मधला बघितला तर १२०७ पौंड. खरं वजन ११९८. यावर त्याने पुढच्या वर्षी लेख लिहिला. त्यात भाग घेणाऱ्या खाटीक आणि शेतकऱ्यांबद्दल लिहिताना त्याने 'जजिंग' हेच क्रियापद वापरलंय, गुरांचं वजन जोखण्यात तरबेज अशा अर्थाने. अण्णा त्या रांगेतले.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर. 'अंदाज' फारसीतून आला, मूळ क्रियापद 'फेकणे'. तोच आपल्या तीरंदाज आणि गोलंदाजमध्ये आहे. इंग्रजीतल्या 'कन्जेक्चर'च्या पोटातही लॅटिनमधलं 'फेकणे'च आहे. आणि 'एम', म्हणजे नेम धरणं, हा शब्द 'एस्टिमेट'च्याच लॅटिन मुळातून फ्रेंचमार्गे आलाय. थोडक्यात, अण्णा गोलंदाजच होते म्हणा की.

जाता जाता : मुलगी हिंदीत काही लिहिणार असेल तर जपून. महसूल खात्याच्या 'नजर अंदाज पैसेवारी'त पिकाचा नजरेने अंदाज घेतात, हिंदीत 'नज़रअंदाज़' म्हणजे दुर्लक्ष.

प्रतिसाद १
बरं, एस्टिमेटर मागे घेतो. पण नामाचा हट्ट कशाला? इंग्रजीत अशा जागी सरळ क्रियापद चालतं. बाग बघून तो पेट्या सांगू शकायचा, एवढंच लिहा की.

धागाकर्ती
दोन्ही केलं. वाक्य असं झालं : "अण्णा वॉज अ फाइन जज ऑफ अ मँगो क्रॉप. ही कुड वॉक राउंड द ट्रीज वन्स अँड टेल यू हाउ मेनी बॉक्सेस." मी 'वन्स' खोडायला लावलं, कारण अण्णा दोनदा फिरायचे. व्यवसायाच्या रकान्यात शेतकरी.

आता तिचा नवा प्रश्न आलाय : अण्णांचा अंदाज कधी चुकला का? एकाच बाबतीत चुकायचा. स्वतःच्याच कलमांचा. दर वर्षी दहा पेट्या जास्त सांगायचे.