मदत हवी आहे: उसाच्या फडावर जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला, अर्ज कुठे करायचा?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. दुसरीतल्या एका मुलीसाठी विचारतोय.

आईबाप ऊसतोडीला जातात. पोरगी 2019 च्या जानेवारीत सांगलीकडे फडावर, कोपीतच (पाचटाच्या तात्पुरत्या झोपडीत) झाली. महिना व्हायच्या आत आई पुन्हा मोळ्या बांधायला. टोळी गावी परतली तोवर नोंदणीची 21 दिवसांची मुदत उलटून गेलेली. अशी काही मुदत असते हे तरी कोणाला ठाऊक!

शाळेत घ्यायला अडचण आली नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) तसं स्पष्ट आहे. पण नाव घालताना आधीच्या गुरुजींनी तारीख ठोकली 1 जून. (आमच्या स्टाफरूममध्ये तिघांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो, म्हणून त्या गुरुजींना फार बोल लावता येत नाही.) आता आधार काढायला गेलं की जन्मदाखला मागतात आणि ग्रामसेवक म्हणतात, जन्म इथला नाही.

लसीचं कार्ड आहे, पण पावसात भिजलेलं. जन्मतारखेचा रकाना निळा डाग झालाय. बीसीजीची तारीख वाचता येते, खाली आरोग्य केंद्राचा अर्धा शिक्का. आजी ठामपणे सांगते, "किंक्रांतीला झाली, पहाटं." मी 15 जानेवारी लिहून घेतलं. घरी जुनं कॅलेंडर बघितलं तर त्या वर्षी संक्रांतच 15 ला होती, म्हणजे किंक्रांत 16!

अर्ज इथल्या तहसिलीत करायचा की सांगलीकडे? आणि प्रतिज्ञापत्रात तारीख कोणती घालू, 16 जानेवारी की शाळेची?

प्रतिसाद १
सर, जन्म जिथे झाला तिथलीच ग्रामपंचायत. आधी तिच्याकडून नोंद नसल्याचा अनुपलब्धता दाखला घ्या. वर्ष उलटून गेलंय, त्यामुळे आदेश लागेल. पूर्वी तो कोर्टातून आणायचे, 1 ऑक्टोबर 2023 पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. 2025 च्या जानेवारीत राज्यात उशिराचे दाखले थांबवले होते, त्यानंतर छाननी कडक झालीय. म्हणून शाळेशी जुळावी म्हणून 1 जून अजिबात घालू नका. आईबापांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आहे ते, उद्या निस्तरायला तेच. खरी तारीख लावा, दाखला हातात आला की रजिस्टर दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. पोर शाळेत आहे तोवर ते जमतं.

प्रतिसाद २
आमचे वडील मुकादम होते. टोळी चार-आठ दिवसांनी गाव बदलते, आईला गावाचं नाव आठवणार नाही. मुकादमाची वही बघा, नाहीतर कारखान्याच्या गट ऑफिसात विचारा. कोणती टोळी कुठल्या तारखेला कोणाच्या फडात होती ते तिथं सापडतं. शिक्क्यावरनं आरोग्य केंद्र शोधा, आशाताईच्या रजिस्टरला बाळंतपण असेल तर निम्मं काम झालं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मुकादमाकडे वही आहे म्हणे, पण उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) हिशोबावरून त्याचं आणि मुलीच्या बापाचं वाजलंय. रविवारी मीच जाऊन येतो. सांगलीकडचं कोणी इथं असेल तर शिक्क्याचा फोटो टाकतो, "...वाडी" एवढंच वाचता येतंय.