मदत हवी आहे : डायक्लोफेनॅकने सोललेल्या जठराला ग्लुटामाइन चालतं का?

वडील, वय ६८, औसा तालुका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घ्यायचे. लातूरला एंडोस्कोपी केली : जठराच्या अस्तरावर व्रण, एच. पायलोरी (जठरात व्रण करणारा जंतू) निगेटिव्ह. ती गोळी बंद केली, पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) उपाशीपोटी चालू आहे. जळजळ कमी झाली, पण ज्वारीची भाकरी सोडाच, वरण-भातही जड जातो.

भावकीतला जिमवाला पोरगा म्हणतोय, एल-ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) पावडर द्या, अस्तर भरून येतं. वाचलं तर इंडोमेथॅसिन (डायक्लोफेनॅकसारखीच वेदनाशामक) किंवा अल्कोहोल देऊन जठर जखमी केलेल्या उंदरांत ग्लुटामाइन आणि ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा फायदा दिसलाय. आता उंदीर म्हणजे आमचे अण्णा नव्हेत! शिवाय ग्लुटामाइन हे मुख्यतः लहान आतड्याच्या पेशींचं इंधन.

शुगर नाही, बीपीची गोळी आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांना न विचारता काही देणार नाही. पण कुणाला पोटाच्या डॉक्टरांनी जठराच्या व्रणासाठी हे लिहून दिलंय का, आणि क्रिएटिनिन वाढलेलं असताना?